लाँगबोला बाण कसा जुळवावा: गुहागरकडच्या एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात मांडतो. गुहागर तालुक्यातील एका तिरंदाजाने फायबरग्लासचे अस्तर असलेला, सरळ मुठीचा, बाणासाठी खोल खाच नसलेला पारंपरिक लाँगबो, म्हणजे लांब धनुष्य, घेतला आहे. धनुष्यावर '४५ पौंड, २८ इंच' असे लिहिलेले आहे, म्हणजे दोरी २८ इंच ओढली की ४५ पौंड ताण येतो. त्यांची स्वतःची ओढ, म्हणजे ते दोरी मागे नेतात ते अंतर, साडेसव्वीस इंचांची आहे आणि ते उजव्या हाताने दोरी ओढतात. कंपाउंड (कप्प्या लावलेले आधुनिक) धनुष्य वापरणाऱ्या मित्राकडून त्यांना ४०० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे काडीच्या ताठपणाचे माप), शेपटाला पिसांऐवजी प्लास्टिकची पाती असलेले कार्बन बाण मिळाले, आणि वीस मीटरवर ते सगळे हातभर डावीकडे जातात. नेम उजवीकडे धरून भागवावे की लाकडी बाण घ्यावेत, आणि आपल्याकडच्या बांबूचे बाण चालतील का, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर आधी देतो: नेम सरकवून भागवू नये. न जुळलेल्या बाणाचे विचलन दर वेळी सारखे नसते. सोड स्वच्छ झाली तर तो वीतभर डावीकडे जातो, बोटे किंचित अडखळली तर हातभर जातो, आणि अंतर बदलले की सगळा हिशोब नव्याने मांडावा लागतो. जुळलेला बाण तुमच्या सोडीतली लहानसहान चूक पोटात घालतो. न जुळलेला बाण तीच चूक मोठी करून दाखवतो. शिवाय नेम सरकवायची सवय एकदा हाताला लागली की पुढे योग्य बाण मिळाल्यावरही ती सुटता सुटत नाही.

आता हे का घडते ते पाहू. सरळ मुठीच्या लाँगबोमध्ये दोरी धनुष्याच्या मध्यरेषेत असते आणि बाण मात्र मुठीच्या डाव्या बाजूला टेकलेला असतो. पूर्ण ओढ घेतली असता बाणाचा रोख लक्ष्याच्या थोडा डावीकडे असतो, आणि सुटलेली दोरी मुठीकडे परतत असताना हा कोन वाढतच जातो. बाण लोखंडी सळईसारखा ताठ असता तर तो डावीकडेच गेला असता. पण लाकडाची काडी वाकते. दोरी बोटांच्या टोकांवरून घरंगळताना थोडी डावीकडे सरकते, तिच्याबरोबर बाणाचे शेपूट डावीकडे ढकलले जाते, टोक जडत्वामुळे जागीच राहू पाहते, आणि काडीचा मध्यभाग आधी धनुष्याकडे, म्हणजे उजवीकडे वाकतो. पुढच्याच क्षणी तो उलटून डावीकडे फुगतो, त्यानंतर शेपूट मुठीपासून दूर झुलते, आणि नेमक्या त्या वेळी पिसे मुठीला न घासता निघून जातात. याला तिरंदाजीत 'आर्चर्स पॅराडॉक्स' म्हणतात. १९३० च्या दशकात अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान चित्रीकरणाने हे वाकणे स्पष्ट दाखवून दिले. त्यापूर्वी हा बहुतांशी तर्काचा विषय होता.

म्हणजे सारा खेळ वेळेचा आहे. काडी किती ताठ, किती लांब, तिच्या टोकाला किती वजन आणि मागून ढकलणारे धनुष्य किती जोराचे, यांवर तिच्या झुलण्याची गती ठरते. काडी गरजेपेक्षा ताठ असेल तर उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बाण डावीकडे जातो, लवचीक असेल तर उजवीकडे. आधुनिक रिकर्व्हची (टोके पुढे वळलेल्या धनुष्याची) मूठ मध्यरेषेपर्यंत कापलेली असते, त्यामुळे त्यावर ताठ काडीही खपून जाते. कंपाउंडवर यांत्रिक रिलीजने दोरी सोडली तर बाजूला वाकण्याचा प्रश्न जवळपास उरतच नाही. लाँगबो या बाबतीत सर्वांत काटेकोर आहे, म्हणून मित्राच्या धनुष्यावर सरळ जाणारा बाण तुमच्या धनुष्यावर सरळ जाईल अशी अपेक्षाच धरू नये.

पहिले काम म्हणजे धनुष्यावर लिहिलेला आकडा बाजूला ठेवून तुमच्या ओढीला प्रत्यक्ष किती ताण येतो ते मोजणे. धनुष्यावरचे २८ इंच हे नॉकच्या (बाणाच्या शेपटाकडील, दोरीत अडकणाऱ्या भागाच्या) खाचेपासून मुठीच्या सर्वांत खोल भागापर्यंतचे अंतर अधिक पावणेदोन इंच असे मोजलेले असतात, हे अनेकांना ठाऊक नसते. हलक्या काडीवर खुणा करून ओढ घ्या आणि सोबत्याला मुठीपाशी कोणती खूण आली ते पाहायला सांगा. मग पडवीच्या मजबूत वाशाला धनुष्य मुठीपाशी जाड कापड गुंडाळून टांगा, दोरीला प्रवासी सामान तोलायचा आकड्याचा काटा अडकवा, आणि तुमच्या ओढीइतके सावकाश खाली ओढून वजन वाचा. लाँगबोचा ताण शेवटच्या इंचांमध्ये दर इंचाला साधारण दोन ते तीन पौंडांनी बदलतो. म्हणजे साडेसव्वीस इंचांवर तुमच्या हातात ४५ ऐवजी सुमारे ४१ पौंड, किलोत सांगायचे तर साडेअठराच्या आसपास ताण असावा. बाण या ४१ ला जुळवायचा आहे.

दुसरे काम काडीचा ताठपणा मोजणे. लाकडी काड्यांची रूढ पद्धत अशी: काडी २६ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवायची, मध्यभागी दोन पौंड वजन टांगायचे, काडी किती इंच खाली झुकते ते पाहायचे आणि २६ ला त्या आकड्याने भागायचे, येणारे उत्तर म्हणजे पौंडांतली स्पाइन. मिलिमीटरमध्ये हिशोब आणखी सोपा होतो: ६६० ला झोळाच्या, म्हणजे काडी झुकली त्या अंतराच्या, मिलिमीटरनी भागा. झोळ १५ मिलिमीटर असेल तर स्पाइन ४४ पौंड. यासाठी विकतचे यंत्र लागत नाही. जाड फळीवर ६६० मिलिमीटर अंतरावर दोन गुळगुळीत खिळे मारा, पाण्याच्या बाटलीला तारेचा आकडा लावा, आणि बाटली, पाणी व आकडा मिळून बरोबर ९०७ ग्रॅम भरेपर्यंत पाणी कमीजास्त करा. बाटली टांगण्यापूर्वी आणि टांगल्यानंतर काडीची पातळी व्हर्नियर कॅलिपरने घ्या. लाकडी काडी गोल फिरवत मोजली की एका दिशेने ती थोडी अधिक ताठ असल्याचे दिसेल. तिच्या टोकाकडून पाहिले असता वाढीच्या वर्तुळांच्या रेषा ज्या बाजूंना बाहेर येतात ती ताठ बाजू. तीच मुठीला टेकेल अशा बेताने नॉक बसवायचा असतो.

कार्बन काडीची स्पाइन वेगळ्या रीतीने सांगतात आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. तिथे आधारांमधले अंतर २८ इंच आणि वजन १.९४ पौंड असते, आणि ४०० म्हणजे ०.४०० इंच झोळ. झोळ आधारांमधील अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून लाकडाच्या मापाशी तुलना करण्यासाठी तो आकडा सुमारे ०.८२५ ने गुणावा लागतो. ०.४०० चे झाले ०.३३, आणि २६ भागिले ०.३३ म्हणजे जवळजवळ ७९ पौंड. अनेक जण हा गुणाकार न करता थेट २६ ला ०.४०० ने भागतात आणि ६५ पौंड धरतात. तसे धरले तरी ४१ पौंडांच्या लाँगबोसाठी ती काडी कितीतरी ताठच ठरते. त्याच हिशोबाने ७०० ची कार्बन काडी ४५ पौंडांच्या आणि ८०० ची ४० पौंडांच्या आसपास येते. टोकाला जड पॉइंट (बाणाचे धातूचे अग्र) लावल्याने काडी अधिक लवचीक वागते हे खरे आहे, पण ७९ वरून ४१ कडे येण्याइतकी करामत कोणताही पॉइंट करू शकत नाही. ते बाण परत करावेत.

त्या बाणांच्या प्लास्टिकच्या पात्यांनीही डावीकडे जाण्यात हातभार लावलेला असणार. लाँगबोवर बाण मुठीच्या अरुंद कडेवर किंवा थेट हाताच्या बोटावर टेकलेला असतो, त्यामुळे कडक पाते मुठीला आपटले की शेपूट झटका खाते. पक्ष्याचे पीस स्पर्श होताच चपटे होते आणि पुढे पुन्हा उभे राहते. म्हणून लाँगबोला पिसेच लावावीत: तीन, साधारण चार ते पाच इंच लांबीची, आणि एका बाणावर एकाच पंखाची, म्हणजे सर्व डाव्या किंवा सर्व उजव्या पंखाची, कारण दोन्हींचा नैसर्गिक वळसा परस्परविरुद्ध असतो. नॉकच्या खाचेशी काटकोनात असलेले पीस मुठीपासून बाहेरच्या बाजूला ठेवायचे. पुढे स्पर्धेचा विचार असेल तर जागतिक तिरंदाजी महासंघाच्या नियमांत लाँगबो गटाला लाकडी काडी आणि खरी पिसे बंधनकारक आहेत, हेही ध्यानात असू द्यावे.

माझा सल्ला असा की ४१ पौंडांसाठी ४० ते ४५ पौंड गटातील लाकडी काड्यांपासून सुरुवात करावी. मूठ विशेष रुंद असेल किंवा तिच्यावर चामड्याचा जाड थर असेल तर ३५ ते ४० चा गट पाहावा, कारण बाण मध्यरेषेपासून जितका दूर, तितके त्याला अधिक वाकावे लागते. दोरी कमी ताणल्या जाणाऱ्या आधुनिक धाग्याची असेल तर थोडी ताठ काडी लागेल. साध्या डॅक्रॉनच्या (जास्त ताणल्या जाणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याच्या) दोरीला लागणार नाही. डझनभर काड्या एकदम घेण्यापेक्षा लगतच्या तीन गटांतील दोन-दोन काड्या आणून आधी चाचणी घ्यावी. लांबी ओढीपेक्षा निदान एक इंच जास्त हवी, म्हणजे टोक कधीही मुठीच्या आत येणार नाही. चाचणीसाठी तर काडी २९ इंचांची ठेवावी. लांब काडी लवचीक वागते आणि आखूड केली की ताठ होते, त्यामुळे पाव-पाव इंच कापत नेमकी जुळणी साधता येते. कापलेले परत जोडता येत नाही, एवढे लक्षात ठेवून घाई न करणे बरे.

वजनाबाबत फार चर्चेची गरज नाही. ताणाच्या प्रत्येक पौंडामागे नऊ ते दहा ग्रेन हे लाँगबोला मानवणारे प्रमाण आहे. ४१ पौंडांना दहा ग्रेनच्या हिशोबाने ४१० ग्रेन, म्हणजे पॉइंट, पिसे, नॉक सगळे धरून सुमारे साडेसव्वीस ग्रॅम. दागिने तोलायच्या छोट्या डिजिटल काट्यावर हे सहज मोजता येते. बाण फार हलका असला तर धनुष्याची उरलेली ऊर्जा त्याच्याच भुजांमध्ये जिरते, आणि लाकडी धनुष्याला ते सोसत नाही. संचातील बाणांचे वजन एकमेकांशी दहा ग्रेनच्या आत, म्हणजे अर्ध्या-पाऊण ग्रॅमच्या आत जुळावे.

यानंतर खरी परीक्षा. दोरी चढवल्यावर मुठीपासून दोरीपर्यंतचे अंतर निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे आहे ना, हे आधी पाहा. लाँगबोला ते सहसा सहा ते सात इंच असते. दोरीवरची नॉकची खूण काटकोनाच्या थोडी वर बांधा. मग पिसांचे तीन आणि बिनपिसांचे दोन बाण एकाच काड्यांमधून तयार करून दहा मीटरवरून, आणि जमू लागले की पंधरा-वीस मीटरवरून सोडा. बिनपिसांचे बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागत असतील तर काडी ताठ, उजवीकडे लागत असतील तर लवचीक. बाण लक्ष्यात कोणत्या कोनात घुसला आहे यावर भिस्त ठेवू नका. आपल्याकडे लक्ष्य म्हणून भाताच्या पेंढ्याचे भारे वापरतात आणि पेंढा काडीला आत शिरताना वाटेल तसा वळवतो. तो कुठे लागला एवढेच पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला: लांबी, किंवा पॉइंटचे वजन, किंवा दोरीचे अंतर.

लाँगबोवर या चाचणीत एक फसवी जागा आहे. काडी फारच लवचीक असेल तर तिचे शेपूट मुठीवर आपटते, बाण डावीकडे फेकला जातो आणि चाचणी 'ताठ' असे उत्तर देते. मग माणूस आणखी लवचीक काडी घेतो आणि प्रकरण आणखी बिघडते. याचा छडा लावायला काडीच्या मागच्या अर्ध्या भागावर आणि पिसांवर टाल्कम पावडर शिंपडून किंवा मुठीच्या बाजूला ओले कुंकू लावून बाण सोडावा. मुठीला आपटणाऱ्या बाणाच्या काडीवर कुंकवाचा एकच ठसठशीत डाग उमटतो, बहुधा पिसांच्या थोडा पुढे. नीट निघून गेलेल्या बाणाच्या पिसाच्या कडेवर फार तर पुसटशी छटा दिसते. आवाजही बदलतो: आपटणाऱ्या बाणाचा 'टक्' असा कोरडा आवाज कानावर येतो.

चाचणी सकाळी उरकावी. किनाऱ्यावर दुपारी खारे वारे जोर धरतात आणि ते पश्चिमेकडून येत असल्यामुळे किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडे तोंड करून सोडलेला बाण उजवीकडे आणि दक्षिणेकडे सोडलेला डावीकडे ढकलला जातो. सुरूच्या बनाच्या आडोशालाही हा वारा पूर्ण थांबत नाही. अशा वाऱ्यात काढलेला निष्कर्ष स्पाइनचा नसून हवामानाचा असतो. बाणांवर क्रमांक घाला आणि कोणता कुठे लागला ते वहीत लिहा. एखादाच बाण सतत भरकटत असेल तर दोष त्या काडीचा आहे, तुमच्या हाताचा नाही, आणि तो संचातून काढून टाकणेच योग्य. जांभ्याच्या गडग्यावर आपटलेला लाकडी बाण पॉइंटच्या मागे दोन-तीन इंचांपर्यंत नखाने चाचपून आणि हलकेच वाकवून पाहिल्याशिवाय पुन्हा दोरीवर चढवू नये. तडा तिथेच असतो आणि सोडताना काडी मोडली तर तिचा तुकडा धनुष्य धरलेल्या हातात घुसतो.

बांबूचा प्रश्न मला सर्वांत आवडला. बाणांसाठी नावाजलेल्या सीडर लाकडाच्या काड्या बाहेरून मागवाव्या लागतात आणि महाग पडतात, पण त्यांच्यावाचून अडत नाही. १५४५ मध्ये बुडालेल्या आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलेल्या 'मेरी रोझ' या इंग्रज युद्धनौकेत सापडलेल्या हजारो बाणांपैकी बहुतेक पॉप्लरच्या साध्या लाकडाचे होते, आणि आशियात तर बांबूचा बाण पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आपल्याकडे रायगड-ठाण्याच्या डोंगराळ भागातल्या कातकऱ्यांच्या तीरकमठ्याचीही ओळख अनेकांना असेल. सिंधुदुर्गात भरपूर लागवड असलेला माणगा जाड भिंतीचा, काही ठिकाणी जवळपास भरीव असतो. त्याच्या चिरफळ्या काढून त्या गोल तासल्या तर मजबूत पण जड काड्या मिळतात. बारीक जातीचा बांबू अख्खाच वापरला तर काडी हलकी होते, तिचा शेंडा नैसर्गिकरीत्या निमुळता असतो आणि शेंडा नॉकच्या बाजूला ठेवला की शेपूट मुठीवरून अधिक सहज निघते.

बांबू तीन वर्षांचा, पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत तोडलेला असावा. कोवळा किंवा भर पावसात तोडलेला बांबू आकसतो आणि त्यातल्या पिठूळ अंशामुळे भुंगेऱ्यांच्या तोंडी लागतो. तोडल्यावर काही दिवस वहाळाच्या वाहत्या पाण्यात ठेवून मग सावलीत वाळवण्याची जुनी रीत याचसाठी आहे. वाळल्यावर डोळे म्हणजे गाठी हलक्या हाताने तासाव्यात. सरळ करताना निखाऱ्यावर फक्त वाकडा भाग फिरवत तापवावा, हाताला सोसवेनासा झाला की दाबून सरळ करावा आणि थंड होईपर्यंत तसाच धरावा. बांबूत दोन सारख्या दिसणाऱ्या काड्यांच्या ताठपणात दहा-पंधरा पौंडांचा फरक सहज निघतो. त्यामुळे मोजमाप न करता बांबूचे बाण बनवणे व्यर्थ आहे. खिळ्यांची ती फळी इथेच खरी उपयोगाला येते: पुष्कळ काड्या मोजाव्यात, त्यांतून एकमेकांशी पाच पौंडांच्या आत जुळणाऱ्या निवडाव्यात, उरलेल्या पुढच्या संचासाठी बाजूला ठेवाव्यात.

कोकणात आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते, ती पावसाळ्याची. हवेतील आर्द्रता ६० टक्के असताना लाकडात साधारण ११ टक्के ओलावा राहतो. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली आणि तशीच टिकली तर तो २० टक्क्यांच्या जवळ पोहोचतो. ओलावा एका टक्क्याने वाढला की ताठपणा सुमारे दीड ते दोन टक्क्यांनी उतरतो. म्हणजे मे महिन्यात ४५ मोजलेली उघडी काडी ऑगस्टमध्ये ४० च्या आत-बाहेर येऊ शकते, आणि वजनही वाढलेले असते. धनुष्य पूर्ण लाकडाचे किंवा बांबूचे असेल तर तेही पावसाळ्यात थोडे नरमते आणि दोघांची जोडी बऱ्यापैकी टिकते. तुमच्या धनुष्याला फायबरग्लासचे अस्तर असल्याने त्याचा ताण फारसा हलणार नाही, बाण मात्र हलतील. म्हणून काड्यांना, विशेषतः दोन्ही टोकांच्या कापलेल्या भागांना, वॉर्निशचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. बाण भिंतीला टेकवून उभे न ठेवता आडवे किंवा टांगून ठेवावेत, नाहीतर ओल्या दिवसांत ते वाकतात. भिजलेली पिसे चोळून पुसू नयेत. किटलीच्या वाफेवर क्षणभर धरली की ती पुन्हा उभी राहतात.

इतके केल्यावरही जुलैत आणि पुन्हा ऑक्टोबरअखेर सगळा संच त्याच फळीवर, त्याच ९०७ ग्रॅम वजनाने मोजावा. फरक तीन-चार पौंडांचाच असेल तर पावसाळ्यापुरते पॉइंट थोडे हलके लावून काम भागते. तो त्याहून जास्त निघाला तर पावसाळ्यासाठी एक गट ताठ काड्यांचा निराळा संच ठेवावा आणि त्यांच्या पिसांचा रंग वेगळा निवडावा, म्हणजे दोन्ही संच एकमेकांत मिसळणार नाहीत.